भातकुलीतली भातुकली

आमच्या गावाचं नाव भातकुली. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लेखणीतून हे नाव पहिल्या फटक्यात सरळ उतरल्याचं मला तरी आठवत नाही. दहातली आठ पत्रं 'मु. पो. भातुकली, जि. अमरावती' अशीच यायची. पोस्टमन समजून घ्यायचा, मी मात्र चिडायचो. रुक्मिणीच्या भावानं वसवलेलं भोजकट ते हेच, असं जाणती माणसं सांगतात. इथल्या आदिनाथाच्या दर्शनाला कुठून कुठून जैन यात्रेकरू येतात. अशा गावाला बाहुला-बाहुलीच्या लग्नाच्या पंगतीत नेऊन बसवायचं म्हणजे काय! पण मागच्या वर्षी मी नोकरीतून मोकळा झालो आणि ओसरीवर बारा फूट लांब नि चार फूट रुंद फळा टाकून त्यावर मूर्तिजापूरचं स्टेशन मांडायला बसलो. तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं लोक पत्त्यात लिहीत होते, ते काही खोटं नव्हतं."

भातकुलीला रेल्वे नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमरावतीला जायचं तर एस.टी., आणि गाडीच पकडायची तर बडनेरा. आमचा मुलूख खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. असलं पाणी पाजलं तर इंजिनाच्या पोटात खडे होतील म्हणून इंग्रजानं आम्हाला टाळलं, अशी माझी लहानपणी समजूत होती. (बॉयलरला खारं पाणी सोसत नाही हे पुढे खरंच निघालं. इंग्रजानं आमचा तेवढा विचार केला होता, हे मात्र निघालं नाही.) तेव्हा ज्याच्या गावात रेल्वे नाही त्याच्याच डोक्यात ती जन्मभर फिरत राहणार, हे ओघानं आलंच. बडनेऱ्याच्या पोरांना गाडीचं काय कौतुक!

आता मूर्तिजापूरच का, ते सांगतो. भुसावळहून नागपूरकडे जाणारी मोठी लाइन तिथून जाते आणि तिथंच तिला शकुंतला येऊन भेटायची. अडीच फुटी रुळांवरची ती आमची वऱ्हाडची लेक. एक फाटा यवतमाळचा, ११३ किलोमीटर, १९०३ सालचा. दुसरा अचलपूरचा, ७७ किलोमीटर, १९१३ सालचा. किलिक-निक्सन नावाच्या विलायती पेढीनं ही लाइन घातली ती आम्हाला आजोळी नेण्यासाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस उचलण्यासाठी. छोट्या वाघिणीतून रुईच्या गाठी मूर्तिजापुरी यायच्या, हमाल त्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत टाकायचे, आणि मग मुंबई, आगबोट, मँचेस्टर. गंमत पाहा, पुढे या लाइनीवर जे इंजिन सत्तर वर्षं राबलं तेही मँचेस्टरचंच, १९२१ सालची घडण. कापूस तिकडे गेला आणि इंजिन इकडे आलं. देशातल्या बाकीच्या गाड्या सरकारी झाल्या तरी या लाइनीची मालकी जुन्या कंपनीकडेच राहिली, आणि मध्य रेल्वे ती चालवत असे. वाटणीत एखादं आंब्याचं झाड भावाच्या नावावर राहतं नि आंबे आपण उतरवतो, त्यातला प्रकार. गेल्या दशकात ती दोन्ही फाट्यांवर एकेक करून थांबली. तेव्हा मी ठरवलं, रुळावर नाही तर फळ्यावर तरी ती चालवायची.

भाच्यानं पुण्याहून रूळ आणून दिले. या खेळातलं प्रचलित माप म्हणजे सत्त्याऐंशीत एक. खरी वस्तू सत्त्याऐंशी फुटांची, तर आपली एक फूट. हे माप कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर या मापानं काढलं तर ८८५ मीटर होतं, म्हणजे आमच्या ओसरीवरून निघून शकुंतला गावाबाहेर कुणाच्या तरी पऱ्हाटीत जाऊन थांबली असती. यवतमाळचा फाटा आणखी चारशे मीटर पुढे. सौ.नी फक्त ओसरी दिली होती. तेव्हा बारा फुटांत मूर्तिजापूरचा फलाट, माल उतरवायचा धक्का आणि अचलपूरकडे वळणारा रुळाचा तुकडा, एवढ्यावर भागवलं.

इथवर कुणाचीच हरकत नव्हती. भांडणं सुरू झाली ती मी भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत '१९७८' असं लिहिलं तेव्हा.

पहिला वार भाच्याच्या घरातूनच आला. दिवाळीला तो सहकुटुंब आला आणि त्याच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे एक खोका धरला. आत वंदे भारत! पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची, चोचीसारख्या नाकाची. पोराचा चेहरा असा फुललेला की त्याच्यासाठी मी मूर्तिजापूरच काय, अख्खी मध्य रेल्वे मोडून दिली असती. पण खडूचा आकडा समोर होता. वंदे भारत पहिल्यांदा धावली २०१९ साली. मी म्हणालो, "बेटा, ही गाडी इथं नाही चालणार."

"मामा, काय तुम्ही!" भाचा म्हणाला, "खेळणंच तर आहे. चालतंय की!"

हेच ते दोन शब्द. चालतंय की. या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे आणि हा लेख म्हणजे त्या रागाची पावती आहे, असं समजा.

का हो चालतं? गावच्या नाटकात अफझलखानाच्या वधाला निघालेल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं की पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरसुद्धा खिदळतं. तिथं कुणी म्हणत नाही, "नाटकच तर आहे, राहू द्या घड्याळ, महाराजांना वेळ कळेल." लग्नाच्या पत्रिकेत आपण गोरज मुहूर्त मिनिटासकट छापतो. (लग्न लागतं तासाभरानं, तो भाग निराळा.) बारशाची वेळ, गृहप्रवेशाची वेळ, मोटारसायकल दुकानातून बाहेर काढायची वेळ, सगळं पंचांगात बघून. आणि ज्या गाडीनं तीन पिढ्यांची माहेरं-सासरं जोडली तिचं एक साधं साल ठरवा म्हटलं, तर चालतंय की! युरोपात हा छंद करणारे लोक खेळण्याच्या खोक्यावर काळाचा आकडाच छापतात. रोमन एक ते सहा अशी युगंच पाडली आहेत त्यांनी. तिथला माणूस तिसऱ्या युगातल्या इंजिनाला पाचव्या युगातला डबा जोडत नाही. जोडलाच तर पडदे ओढून जोडतो. आपल्याकडे युगं चार, सगळी पुराणात, आणि आपण नेमके कुठल्या युगात हे विचारलं की सगळे एकमुखानं 'कलियुग' म्हणून मोकळे होतात.

साल ठरवलं की काय काय ठरतं, ते बघा. १९७८ म्हटलं की मोठ्या लाइनीवर विजेचा खांब नको. भुसावळहून बडनेरा-वर्ध्याकडे तारा आल्या त्या १९९०च्या सुमाराला. पण फळा पाहायला येणारा दर दुसरा माणूस विचारतो, "अन् तारा कुठी हाय? ताराशिवाय रेल्वे कशी दिसन?" त्याला डिझेल दाखवतो, वाफेचं दाखवतो, तेव्हा दोन्ही एकाच लाइनीवर धावत होती. त्याचं समाधान होत नाही. तारा हव्यात म्हणजे हव्यात. डब्यावर 'तिसरा वर्ग' लिहायचं नाही, तो १९७४ सालीच कागदोपत्री संपला. बाकं तीच, ढेकूण तेच, नाव फक्त 'दुसरा वर्ग'. नावाच्या जोरावर एका रात्रीत अख्खा देश एक पायरी वर चढल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पुढे मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा कुठं लाकडी बर्थवर दोन इंच जाडीची गादी आली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली ती अशी गादी घेऊन. म्हणजे माझ्या फळ्यावर मोठ्या लाइनीवरून गीतांजली गेली तर तिच्या बर्थवर गादी हवी, आणि मागून येणाऱ्या पॅसेंजरला फळकूटच. सत्त्याऐंशीत एक या मापानं दोन इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. मी ती हिरव्या फेल्टची कापून आत चिकटवली. बाहेरून दिसत नाही. पण मला ठाऊक आहे, आणि ज्यांनी त्या आधी फळकुटावर पाठ शेकून हावड्याचा प्रवास केला त्यांना ठाऊक असेल.

स्टेशनाबाहेर मारुती मोटार उभी करायची नाही. ती १९८३च्या डिसेंबरात आली. पिवळा एस.टी.डी.चा खोका नाही. घरावर टी.व्ही.चा सांगाडा नाही. काय चालेल? अॅम्बॅसिडर चालेल, लाल एस.टी. चालेल, कापसाच्या बंड्या तर हव्यातच. एकाधिकार योजना १९७२ पासून लागू होती, आणि त्या बंड्यांच्या रांगा ज्यानं पाहिल्या त्याला दुसरी कुठलीही रांग लांब वाटत नाही. पाव्हण्याला न्यायला आलेली एखादी दमणी. भिंतीवर 'पांडू हवालदार'चं फाटकं पोस्टर. चित्रपट १९७५चा, म्हणून फाटकं.

या 'म्हणून फाटकं'वरून माझं दुसरं भांडण झालं, आणि ते पहिल्यापेक्षा कठीण होतं. भाच्याचा एक मित्र आहे, याच छंदातला. त्याची या विषयावरची पुस्तकं माझ्या कपाटात मावणार नाहीत. त्यानं फळा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "काका, १९७८ म्हणता आणि इंजिन १९२१चं? पोस्टर पंचाहत्तरचं? हे काळाशी विसंगत आहे."

म्हणजे बघा. एका बाजूला 'चालतंय की' आणि दुसऱ्या बाजूला हा सोवळ्यातला. पहिल्याला काळ नाहीच, आणि दुसऱ्याच्या लेखी काळ म्हणजे एक जानेवारीला कोरी पिशवी फोडून बाहेर काढलेला माल. मी त्याला आमच्या माजघरात नेलं. "हे घंगाळ माझ्या आजीचं. हा पलंग वडिलांच्या लग्नातला. मिक्सर गेल्या वर्षीचा. आता सांग, आत्ता या घरात कुठलं साल चालू आहे?"

कुठल्याही सालाच्या पोटात मागची सगळी सालं नांदत असतात. १९७८ सालातल्या मूर्तिजापुरात १९२१चं इंजिन असणारच. नसतं तर ते मूर्तिजापूर नव्हे. ते इंजिन १९२३ पासून चाललं ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत. त्या दिवशी ते काढून डिझेल लावलं. म्हणजे १९२३ ते १९९४ यातलं कुठलंही साल घ्या, इंजिन तेच. फरक असेल तो त्याच्या अंगावर. १९२३ साली ते नव्या नवरीसारखं चमकत असेल. १९७८ साली त्याला तेलाचे ओघळ हवेत, चाकांना चुन्यासारखे पांढरे डाग हवेत, आणि एखादा पत्रा मूळचा नाहीच हे कळायला हवं. मागचं पुढे येऊ शकतं, पुढचं मागे जाऊ शकत नाही. नियम एवढाच आहे. आजोबांचा कोट घालून नातू फिरू शकतो. नातवाची जीन घालून आजोबांना टिळकांच्या सभेला पाठवता येत नाही.

मित्र विचारात पडला. पण शास्त्र जाणणारा माणूस मोकळ्या हातानं परत जात नाही. त्यानं खिशातून पट्टी काढली. "काका, रुळांचं काय? मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची. सत्त्याऐंशीनं भागा. सव्वाएकोणीस आले. तुमचा रूळ साडेसोळाचा आहे. विलायती मापाचा."

इथं मला मान खाली घालावी लागली. हा खोटेपणा माझ्या फळ्यावर आहे, आणि तो मी कबूल करतो. माझी गीतांजली पायाला चिमटे बसतील अशा तंग रुळांवरून धावते. सव्वाएकोणीसचे रूळ आपल्या हातानं वळवायचे तर मला आणखी एक निवृत्ती लागेल. पण मग त्यानं छोटी लाइन मोजली, आणि गणित करून गप्पच झाला. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागले तर पावणेनऊ. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. चूक उरली पाव मिलिमीटर. सगळ्या जगानं आपापल्या मापानं खेळणी केली आणि आमच्या शकुंतलेला पायातली चप्पल आयती बसावी, तसा तो रूळ बसला. त्या दिवशी मी त्या मित्राला सांभारवडीशिवाय जाऊ दिलं नाही.

तिसरं भांडण मात्र जिव्हारी लागणारं झालं. ते शेजाऱ्यांशी. शेजारी म्हणजे रोज सकाळी चहाला येणारे, वयानं माझ्याहून थोडे लहान. फळ्यावरचं वाफेचं इंजिन पाहून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "भाऊ, याच इंजिनानं माह्या लग्नाचं वऱ्हाड नेलतं. कोयसा डोयात गेलता माह्या, आठोते."

मी शिक्षा भोगायला जन्मलेला माणूस, विचारून बसलो, "लग्न कोणत्या साली?"

"सत्त्याण्णव."

"मग कोळसा नसेल गेला. चौऱ्याण्णवलाच डिझेल लागलं होतं."

"काहून? डिझेलले धूर नसते का?"

"धूर असतो. कोळसा नसतो."

"म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो का? माह्या डोया हाय, माह्यं लगन हाय!"

पंधरा दिवस ते चहाला आले नाहीत. सौ.नी मला बोल लावला. "त्यांच्या लग्नातला कोळसा काढून तुम्हाला काय मिळालं?" प्रश्न बरोबर होता. मी त्यावर पंधरा दिवस विचार केला, कारण चहाला दुसरं कुणीच नव्हतं.

मला वाटतं ते असं. शकुंतला थांबली तेव्हापासून ती प्रत्येकाच्या आठवणीत वाफेवरच धावते आहे. तिच्याविषयी काही छापलं की वर धुराचं चित्र. तिच्या नावानं देखावा केला की शिट्टी नि धूर. पुठ्ठ्याचं इंजिन, आत उदबत्ती. शेवटची वीस-पंचवीस वर्षं ती डिझेलवर धावली, हे कुणाला आठवायचंच नाही. बिचारं डिझेल! उन्हातान्हात त्यानं लोकांच्या भाजीच्या पाट्या, दुधाच्या बरण्या, शाळेची पोरं वाहिली, आणि गेल्यावर कुणी त्याच्या नावानं उदबत्तीही लावत नाही. गाडी बंद झाली हे एक नुकसान. पण ती कशी होती हेही आपण आपल्या हातानं पुसून त्या जागी कॅलेंडरवरचं चित्र चिकटवतो, तेव्हा ती दुसऱ्यांदा बंद होते, आणि या वेळी दोष कुणावर टाकायची सोय नसते. उद्या तिला पुन्हा सुरू करा म्हणून कुणी बोलायला उभा राहिला आणि त्यानं धुराबद्दलच सांगितलं, तर ऐकणारा म्हणेल, "हो हो, फार छान होती, म्युझियममध्ये ठेवू." कोयसा डोयात गेलेल्याला गाडी म्हणून पाहतात की चित्र म्हणून, हा फरक आहे.

पण सोळाव्या दिवशी शेजारी आले. हातात लग्नाचा अल्बम. काही न बोलता त्यांनी एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. वऱ्हाड फलाटावर, नवरदेव मुंडावळ्यांसकट, आणि मागे डिझेल. आम्ही दोघंही ते पाहत बसलो. चहा आला. मग ते म्हणाले, "धूर त दिसून राह्यला ना पन." दिसत होता. मी मान्य केलं. आता सत्त्याण्णवचं एक डिझेल करून द्यायचं मी त्यांना कबूल केलं आहे. फळा मात्र वेगळा.

एवढं सगळं ज्या आकड्यासाठी केलं, तो आकडा कुठून आला, हे मला कुणीच विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो. माझं आजोळ अंजनगावचं, विड्याच्या पानांच्या अंजनगाव-सुर्जीचं. भातकुलीहून तिथं एस.टी.नं जायचं म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचणं. पण आईला एस.टी. लागायची. पहिल्या वळणावर लिंबू, दुसऱ्या वळणावर पिशवी. म्हणून आम्ही कसेबसे बडनेऱ्यापर्यंत जायचो, तिथून पॅसेंजरनं मूर्तिजापूर, तिथं फलाटावर शिदोरी सोडायची, आणि मग शकुंतला. दर्यापूरचं बनोसा स्टेशन, मग अंजनगाव. सरळ रस्ता सोडून तीन बाजूंनी वळसा घालून आम्ही दिवस मावळता पोचत होतो. वडील म्हणायचे, "एवढ्या वेळात तुझे भाऊ चालत येऊन भेटून परत गेले असते." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आता वाटतं, तिला एस.टी. तेवढी लागत नसावी. चूल नाही, सासू नाही, कुणाचं 'अगं ए' नाही. खिडकीपाशी बसून दिवसभर कुणी काही करायला सांगत नाही, असा वर्षातला तेवढा एकच दिवस.

१९७८च्या मे महिन्यात आम्ही असे शेवटचे गेलो. मी अकरा वर्षांचा. पुढल्या वर्षी मामा अंजनगाव सोडून गेले आणि जाणंच सरलं. आई १९८६ साली गेली.

आता शकुंतलेचे डबे. माझ्या आठवणीतले ते गेरूच्या रंगाचे, तांबडे. पुढे रेल्वेनं निळा रंग आणला तो ती गेल्यावर काही वर्षांनी. भाचा म्हणतो, निळे डबे तयार मिळतात, तांबडे हातानं रंगवावे लागतील. मिळत असतील. पण डबा निळा केला की त्यात माझी आई बसू शकत नाही. तिला त्या डब्यात जागाच नाही हो. तिच्यासाठी डबा तांबडाच लागतो, इंजिन तेच ओघळलेलं लागतं, आणि वर तारा नको. तिसऱ्या खिडकीशी मी एक बाई बसवली आहे. वीस मिलिमीटरहून कमी उंचीची. तांदळाच्या दाण्याएवढा पदर. ती कुठल्याही आईसारखी दिसते, त्यात काही कौशल्य नाही. पण ती ज्या सालात बसली आहे ते साल बरोबर आहे.

शेवटचा एक तंटा गतीचा. शकुंतला ताशी वीस किलोमीटरनं जायची असं धरलं, तर फळ्यावर तिनं सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर सरकायला हवं. एवढी मंद की बारा फुटांचा फळा पार करायला जवळजवळ मिनिट लागतं. भाच्याच्या चिरंजीवांनी बटण हातात घेतलं आणि चार सेकंदांत तिला या टोकाहून त्या टोकाला नेलं. हिशेब केला तर ताशी २८५ किलोमीटर झाले. त्या वेगानं मूर्तिजापूरहून अंजनगावला जायला दहा-बारा मिनिटं लागली असती. आईनं ते कधीच खपवून घेतलं नसतं. मी त्याच्या हातावर हात ठेवून बटण हळूहळू मागे आणलं.

गाडी सरकायला लागली. पोर बराच वेळ ती बघत राहिलं. मग त्यानं आपली वंदे भारत उचलून फलाटाच्या कडेला आणली.

"आबा, हिची वेळ कधी?"

"२०१९ला."

"आता किती झालं?"

"अठ्ठ्याहत्तर."

त्यानं बोटं मोजायला घेतली, पुरली नाहीत. "म्हणजे किती राहिलं?"

"एक्केचाळीस वर्षं."

त्यानं जरा विचार केला. मग ओसरीच्या पायरीवर मांडी घालून बसला, वंदे भारत मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बरं. मी थांबतो."